न रडलेला मुलगा

जगातल्या गाजलेल्या कादंबऱ्यांमधील नायकांचे एक संमेलन भरले आहे, अशी घटकाभर कल्पना करा. पहिल्या रांगेत शरदबाबूंचा देवदास असेल. डोळे तांबारलेले, पाऊल अडखळणारे. त्याच्या शेजारी दस्तयेव्हस्कीचा रास्कोल्निकोव्ह, मनस्तापाने घामाघूम झालेला. व्हिक्टर ह्यूगोचा जाँ व्हालजाँ तेवढ्यातही कुणा म्हातारीला बसायला जागा करून देत असेल. कुणी प्रेमाने होरपळलेला, कुणी सूडाने पेटलेला. पण प्रत्येकाच्या काळजात काही ना काही धगधगते आहे. आणि अगदी मागे, खिडकीशी खुर्ची ओढून, एक तरुण कारकून सिगारेट ओढीत रस्त्यावरची रहदारी पाहत बसला आहे. ‘आपण इथे का आलात?’ असे त्याला विचारले, तर तो थोडा विचार करील आणि प्रामाणिकपणे सांगेल, की बोलावणे आले, नाही म्हणायला काही कारण दिसले नाही, म्हणून आलो.

हा कारकून म्हणजे मर्सो. आल्बेर काम्यू या फ्रेंच लेखकाच्या ‘लेत्रांजे’ या कादंबरीचा नायक. ही कादंबरी १९४२ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाली. शहर जर्मन सैन्याच्या ताब्यात होते आणि लेखकाचे वय होते अवघे अठ्ठावीस. ‘एत्रांजे’ या एका फ्रेंच शब्दात परदेशी, अनोळखी आणि परका असे तिन्ही अर्थ सामावलेले आहेत. १९४६ साली स्टुअर्ट गिल्बर्ट यांचे इंग्रजी भाषांतर निघाले, तेव्हा ते लंडनमध्ये ‘आउटसायडर’ झाले आणि न्यूयॉर्कमध्ये ‘स्ट्रेंजर’. भाषांतर एकच, नावे मात्र दोन! आपण या लेखापुरते त्याला ‘परका’ म्हणू.

हे पुस्तक मी आजवर पुष्कळांना वाचायला दिले आहे. जेमतेम सव्वाशे-दीडशे पानांचे असल्यामुळे ते परतही लवकर येते. परत करताना निरनिराळ्या वयाच्या, निरनिराळ्या आवडीच्या माणसांनी मला जवळजवळ एकच वाक्य ऐकवले आहे. ‘लिहिलंय छान हो, पण माणूस तरी कसला हा! आई गेली तरी डोळ्यांतून टिपूस काढला नाही!’

आता गंमत अशी, की या मर्सोने पुस्तकाच्या मध्यावर एका माणसाचा खून केलेला आहे. एक गोळी झाडून, क्षणभर थांबून, खाली पडलेल्या देहात आणखी चार गोळ्या घातल्या आहेत. त्याबद्दल मात्र बहुतेक कुणीच बोलत नाही. सगळ्यांना आठवते ते न आलेले रडू.

वाचकांची ही विसरभोळी नजर आणि मर्सोचा कोरडेपणा, या दोन्हींबद्दल मला आज थोडे बोलायचे आहे.

तार आली

कथानक अगदी साधे आहे. अल्जीरिया तेव्हा फ्रान्सच्या अमलाखाली होता. त्याची राजधानी अल्जिअर्स. समुद्रकाठचे, उन्हाने भाजून निघणारे शहर. तिथल्या एका कचेरीत मर्सो नोकरीला आहे. त्याची आई तीन वर्षांपासून ऐंशी किलोमीटरवरच्या मारेंगो गावी वृद्धाश्रमात राहते. एके दिवशी तिथून तार येते, की आई वारली, उद्या अंत्यविधी. तारेच्या त्रोटक मजकुरावरून ती नेमकी आज गेली की काल, हे त्याला उमगत नाही. आणि उमगत नाही हे तो सरळ सांगून टाकतो. साहेबाकडे दोन दिवसांची रजा मागताना साहेबाचा चेहरा उतरलेला पाहून, यात आपला काही दोष नाही, असेही तो म्हणून टाकतो.

आश्रमात तो शवपेटीपाशी रात्रभर बसतो. पेटी उघडून आईचे मुख पाहता काय, असे पहारेकरी विचारतो. तो नको म्हणतो. का नको, हे त्याला सांगता येत नाही. पहारेकऱ्याने आणलेली दुधाची कॉफी तो घेतो. सिगारेट ओढावी की नाही असा क्षणभर विचार करतो आणि ओढतो. दुसऱ्या दिवशी रणरणत्या उन्हात अंत्ययात्रा निघते. आश्रमातले म्हातारे पेरेझ, ज्यांची आणि आईची उतारवयात मैत्री जमली होती, लंगडत लंगडत मागून येतात आणि शेवटी घेरी येऊन पडतात. मर्सोच्या ध्यानात राहतो तो उन्हाचा चटका, वितळलेले डांबर आणि आता घरी जाऊन झोपायला मिळणार याचा आनंद.

त्याच्या दुसऱ्या दिवशी शनिवार असतो. तो पोहायला जातो. तिथे पूर्वी त्याच्याच कचेरीत टायपिस्ट असलेली मारी त्याला भेटते. संध्याकाळी दोघे फर्नांदेल या विनोदी नटाचा चित्रपट पाहतात, आणि ती रात्री त्याच्याकडेच राहते. रविवारी तो दिवसभर गॅलरीत बसून रस्ता न्याहाळतो. फिरायला निघालेली कुटुंबे, फुटबॉलचा सामना पाहून परतणारी पोरे, ट्रॅम, मांजर, आभाळ. सोमवारी तो नेहमीसारखा कचेरीत हजर!

पुढे मारी त्याला विचारते, ‘तुझं माझ्यावर प्रेम आहे का?’ तो सांगतो, की या प्रश्नाला तसा अर्थ नाही, पण बहुधा नसावे. लग्न करायचे का? तुला हवे असेल तर करू. साहेब त्याला पॅरिसच्या नव्या शाखेत पाठवायला तयार असतो. त्याचे त्यालाही काही नाही. एक आयुष्य दुसऱ्या आयुष्यासारखेच, असे त्याचे मत.

हे सारे तो स्वतःच सांगतो आणि सांगतोही कसे! तुटक, लहान लहान वाक्यांत. ज्याँ-पॉल सार्त्र यांनी १९४३ साली या कादंबरीवर प्रदीर्घ लेख लिहिला. त्यात त्यांनी या वाक्यांना एकमेकांपासून अलग पडलेल्या बेटांची उपमा दिली होती. ती अगदी समर्पक आहे. आपण बोलताना ‘म्हणून’, ‘कारण’, ‘त्यामुळे’ या शब्दांनी एका गोष्टीची दुसरीशी गाठ मारीत जातो. मर्सोच्या बोलण्यात या गाठी फार विरळ आहेत. आई गेली. ऊन होते. कॉफी प्यालो. झोप आली. वाचक त्या वाक्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत दुःख शोधत राहतो, आणि ते सापडले नाही की लेखकावर नव्हे, मर्सोवर चिडतो.

भिंतीपलीकडचे रडणे

पण त्या मोकळ्या जागा खरोखरच रिकाम्या आहेत काय?

मर्सोच्या जिन्यावर सालामानो नावाचा एक म्हातारा राहतो. त्याच्यापाशी खरूज झालेला एक कुत्रा आहे. आठ वर्षे दोघे एकत्र आहेत आणि आठ वर्षे म्हातारा त्याला शिव्या घालतो, फरफटत फिरायला नेतो, मारतो. एके दिवशी तो कुत्रा हरवतो. म्हातारा मर्सोच्या दाराशी येऊन त्याच्याविषयी चौकशी करतो, वरवर रागाने, आतून घाबरून. मग आपल्या खोलीत जातो. थोड्या वेळाने भिंतीतून एक विचित्र बारीक आवाज येऊ लागतो. म्हातारा रडतो आहे, हे मर्सोला कळते.

त्या क्षणी मर्सोला आईची आठवण होते. का, ते ठाऊक नाही, असे तो म्हणतो. दुसऱ्या दिवशी लवकर उठायचे असते. भूक नसते. तो न जेवताच झोपतो.

बस्स, एवढेच. सगळ्या कादंबरीत याहून मोठा शोक नाही. न्यायालयात या रात्रीचा उल्लेखही होत नाही. कसा होणार? एक तरुण एका रात्री जेवला नाही, याला साक्षीदार कोण? मी जेव्हा जेव्हा हे पान वाचतो, तेव्हा तेव्हा मला वाटते, की या माणसाला भावना नाही असे म्हणणे घाईचे आहे. भावना आहे; ती त्याच्यापर्यंत पोचायला फार लांबचा रस्ता घेते, आणि पोचली तरी तिला काय नाव द्यावे हे त्याला कळत नाही.

अशी माणसे आपण पाहिलेली नाहीत काय? माझ्या नात्यातले एक मामा आठवतात. त्यांची आई गेली तेव्हा घर रडण्याने भरून गेले होते आणि मामा अंगणात उभे राहून बांबू मोजत होते. भटजींना निरोप, बर्फाची लादी, गावच्या बहिणीला तार, स्मशानातली पावती, सारे त्यांनी एकट्याने केले. दहाव्याला, तेराव्याला डोळे कोरडेच. ‘दगड आहे नुसता,’ असे बायका माजघरात कुजबुजल्या. पुढे सहा-सात महिन्यांनी मामी कपडे भिजत घालीत होत्या, तेव्हा मामांच्या सदऱ्याच्या खिशात त्यांना एक तपकिरीची डबी लागली. मामांनी जन्मात तपकीर ओढली नव्हती. डबी सासूबाईंची होती. मामींनी ती पुसून पुन्हा खिशात ठेवली, आणि घरात कुणी त्याविषयी कधी चकार शब्द काढला नाही.

आजच्या मानसशास्त्रात अशा अडचणीला नावही आहे. पीटर सिफ्निऑस या अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी ‘अ‍ॅलेक्सिथायमिया’ असा शब्द बनवला. ग्रीक मुळांतून घडवलेल्या या शब्दाचा अर्थ थोडक्यात असा, की आपल्याच भावनांसाठी शब्द न सापडणे. अशा माणसाचे पोट दुखते, डोके जड होते, झोप येते. पण ‘मी दुःखी आहे’ हे वाक्य काही त्याच्या तोंडून निघत नाही. मर्सोला अंत्ययात्रेत ऊन असह्य झाले, ते सगळे उन्हामुळेच का, असा प्रश्न मग मनात येतो. अर्थात कादंबरीतल्या माणसाला दवाखान्यात नेऊन त्याच्या हाती चिठ्ठी देण्यात हशील नाही. काम्यूने रोगी रंगवलेला नाही. त्याने एक असा मनुष्य रंगवला आहे, जो जेवढे वाटते त्याहून तसूभरही जास्त बोलायला तयार नाही.

खटला कशाचा?

आता खुनाकडे वळू. रेमों नावाचा मर्सोचा एक शेजारी आहे. भानगडखोर आणि बायकांच्या जिवावर जगणारा. आपल्या अरब मैत्रिणीला फसवून बोलावण्यासाठी तो मर्सोकडून एक पत्र लिहून घेतो. मर्सो लिहून देतो. न देण्याचे कारण त्याला दिसत नाही. रेमों त्या बाईला मारहाण करतो. मर्सो पोलिसांपुढे रेमोंच्या बाजूने जबानी देतो. मग त्या बाईचा भाऊ आपल्या सोबत्यांसह रेमोंच्या मागावर राहू लागतो. एका रविवारी समुद्रकाठी दोन्हीकडच्या मंडळींत मारामारी होते, रेमोंला चाकू लागतो. पुढे भांडण मिटल्यासारखे झाल्यावर रेमोंचे पिस्तूल खिशात असलेला मर्सो एकटाच पुन्हा त्या वाळूवरून चालत जातो. झऱ्यापाशी तो अरब पहुडलेला असतो. डोक्यावर सूर्य आग ओकत असतो. आईला पुरले त्या दिवशीचाच तो सूर्य, असे मर्सोला वाटते. चाकूचे पाते चमकते. गोळी सुटते. मग आणखी चार.

कादंबरीचा दुसरा भाग म्हणजे तुरुंग आणि खटला. अकरा महिने तपास चालतो. काम्यूने वृत्तपत्राचा बातमीदार म्हणून अल्जिअर्सच्या न्यायालयात खटले ऐकले होते, त्यामुळे ही प्रकरणे अगदी डोळ्यांपुढे उभी राहतात. खचाखच भरलेले दालन, पंख्याने वारा घेणारे ज्यूरीतले लोक, उन्हाळ्यात बातम्यांचा दुष्काळ म्हणून या खटल्याला जरा फुगवून छापले असे कबूल करणारा वार्ताहर, सारे काही.

आणि या न्यायालयात विचारले काय जाते? आईचे वय त्याला ठाऊक होते का? पेटी उघडून मुख पाहिले का? कॉफी घेतली का? सिगारेट ओढली का? दुसऱ्याच दिवशी पोहायला गेला, विनोदी चित्रपट पाहिला, हे खरे ना? आश्रमाचा पहारेकरी, संचालक, बिचारे पेरेझ, एकामागून एक साक्षीला येतात. मारीच्या तोंडून चित्रपटाची हकीकत वदवून घेतली जाते आणि ती हुंदके देऊ लागते. खाणावळवाला सेलेस्त साधा माणूस. तो कळवळून सांगतो, की झाले ते दुर्दैव होते. याहून जास्त त्याला सांगता येत नाही. तेव्हा मर्सोला, आयुष्यात प्रथमच, एका पुरुषाला मिठी मारून त्याचे चुंबन घ्यावेसे वाटते. कोरडा म्हणून ज्याची एवढी ख्याती, त्याच्या मनातला हा उमाळा! पण तोही तो दाखवीत नाही.

शेवटी त्याचा वकीलच वैतागून विचारतो, की या माणसावर आरोप खुनाचा आहे की आईला पुरल्याचा? श्रोते हसतात. सरकारी वकील मात्र हसत नाही. त्याच्या मते दोहोंचा घनिष्ठ संबंध आहे. जो आईसाठी रडत नाही त्याच्या ठायी अंतःकरणच नाही, आणि अशा माणसाला समाजात जागा नाही. खून का केलास, या प्रश्नाला मर्सो उत्तर देतो, की उन्हामुळे. पुन्हा हशा. फ्रेंच जनतेच्या नावाने त्याला गिलोटिनची शिक्षा फर्मावली जाते.

एका खोट्या अश्रूने तो वाचला असता. हे त्याच्या वकिलाला माहीत होते. त्या दिवशी भावना आवरून धरल्या होत्या असे म्हणता येईल का, असे त्याने मर्सोला आडून विचारलेही होते. मर्सो नाही म्हणाला, कारण ते खरे नव्हते. १९५५ साली लिहिलेल्या एका प्रस्तावनेत काम्यूने याच मुद्द्यावर बोट ठेवले. त्याचा नायक रूढ खेळ खेळायला नकार देतो, वाटते त्याहून अधिक बोलायला नकार देतो, आणि समाजाला नेमकी त्याचीच भीती वाटते, असा त्याचा आशय होता.

आपल्याकडेही दुःखाचा एक ठरलेला पोशाख असतोच. कोणी किती रडले, सून आली तेव्हा गळ्यात पडली की नाही, मुलगा किती दिवसांत कामावर गेला, याची नोंद घेणारी एक अदृश्य ज्यूरी प्रत्येक मयताच्या घरी सतरंजीवर बसलेली असते. रूढी वाईट असे मी म्हणत नाही. रडण्याला जागा आणि मुदत नेमून देणाऱ्या आपल्या पूर्वजांना मनाची चांगली जाण होती. परंतु पोशाख अंगावर नाही म्हणून माणूसच नाही, असा निकाल देणे निराळे.

स्थितप्रज्ञ की परका?

इथे मराठी वाचकाच्या मनात एक शंका हटकून येते. मला ती अनेकांनी बोलून दाखवली आहे. सुखदुःख ज्याला सारखे, लाभ-हानी ज्याला समान, त्याला तर गीता स्थितप्रज्ञ म्हणते. मग मर्सो हा कारकुनाच्या वेषातला स्थितप्रज्ञच नव्हे काय?

साम्य वरवर दिसते खरे. शेवटच्या प्रकरणात तर ते फारच दाट होते. फाशीच्या कोठडीत धर्मगुरू येऊन त्याला परलोकाचे आश्वासन देऊ लागतो, तेव्हा हा थंड मनुष्य आयुष्यात पहिल्यांदा भडकतो, त्याची गचांडी धरतो, ओरडतो. मग ते वादळ ओसरते. रात्रीचा गार वारा, तारे, मातीचा आणि मिठाचा वास त्याच्यापर्यंत येतो. आणि तेव्हा, आई गेल्यानंतर इतक्या काळाने, त्याला ती मनापासून समजते. मरणाच्या उंबरठ्यावर तिने पेरेझसारखा सोबती का जोडला, आयुष्य पुन्हा नव्याने सुरू करण्याचा खेळ का मांडला, हे त्याला उलगडते. तिच्यासाठी रडण्याचा हक्क कुणालाच नाही, असे त्याला वाटते. हे जग आपल्याविषयी उदासीन आहे, पण त्या उदासीनतेतही एक माया आहे, अशी काहीशी शांती त्याला लाभते.

तरीही तो स्थितप्रज्ञ नव्हे. गीतेतली अनासक्ती साधनेने मिळवायची असते, आणि तिची खूण अशी, की माणूस स्वतःच्या सुखदुःखातून मोकळा झाला की दुसऱ्याचे सुखदुःख त्याला अधिक स्पष्ट दिसू लागते. गीतेच्या बाराव्या अध्यायातला भक्त कुणाचा द्वेष करीत नाही एवढेच नव्हे, तो सर्वांचा मित्र आणि करुणावान असतो. आपल्या संतांची विरक्तीही अशीच, लोकांच्या दुःखाने पाझरणारी. मर्सोने काहीच सोडलेले नाही; त्याने मुळात काही धरलेलेच नव्हते. म्हणून तर ‘काय फरक पडतो’ या एका वाक्याच्या आधाराने त्याने रेमोंला ते पत्र लिहून दिले. फरक पडला. एका बाईला मार बसला, आणि त्या धाग्याचे दुसरे टोक वाळूवर पडलेल्या प्रेतापाशी निघाले. स्वतःविषयी इतका सत्यनिष्ठ असलेला हा माणूस दुसऱ्याविषयी आंधळा आहे. त्याचे खरे परकेपण मला इथे दिसते, आईच्या पेटीपाशी नव्हे.

मराठीत १९६३ साली भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ आली आणि तिची चर्चा करताना समीक्षकांनी अस्तित्ववादाचे नाव वारंवार घेतले. पांडुरंग सांगवीकरही साऱ्या जगाकडे तिरकसपणे पाहतो, काहीच मनाला लावून घेत नाही असे दाखवतो. पण धाकट्या बहिणीच्या मृत्यूने तो मुळापासून हादरतो, आणि त्याचा तो शोक वाचकाला झोपू देत नाही. तुटलेपण दोघांचेही आहे. पण पांडुरंगाला तोडण्यासारखे काहीतरी होते, हा भेद मोठा आहे.

ज्याला नाव नाही

आता लेखाच्या आरंभी म्हटलेल्या विसरभोळेपणाकडे येतो. मर्सोने ज्याला मारले त्याचे नाव काय? पुस्तक कितीही चाळा, सापडणार नाही. तो नुसता ‘अरब’ आहे. न्यायालयात त्याची आई येत नाही, बहीण येत नाही, त्याच्यासाठी कुणी रडले की नाही हे कुणी विचारीत नाही. मर्सोच्या न ढाळलेल्या अश्रूंचा हिशेब होतो. त्या अरबाच्या रक्ताचा होत नाही. फ्रेंचांच्या राज्यातल्या न्यायालयात, चाकू काढणाऱ्या अरबाला मारल्याबद्दल एका गोऱ्या माणसाला मृत्युदंड होईल हेच मुळी असंभाव्य, असा आक्षेप आयरिश लेखक कॉनर क्रूझ ओब्रायन यांनी १९७० साली घेतला. १९९३ मध्ये एडवर्ड सईद यांनीही या मौनामागची साम्राज्याची सावली दाखवून दिली.

काम्यूला अरबांचे दुःख दिसत नव्हते असे मात्र म्हणता येत नाही. १९३९ साली, म्हणजे ही कादंबरी पूर्ण करण्याच्या आदल्याच वर्षी, त्याने काबिलिया या डोंगराळ भागातल्या उपासमारीवर एक लेखमाला लिहिली होती. भुकेली मुले आणि कवडीमोल मजुरी यांची वर्णने त्याने फ्रेंच वाचकांपुढे ठेवली. कादंबरीतही एक लहानसा प्रसंग आहे. मर्सोला अटक झाली त्या पहिल्या रात्री कोठडीत बरेचसे अरबच असतात. काय केलेस, असे ते हसत विचारतात. अरबाला मारले, असे तो सांगतो. सगळे गप्प होतात. मग रात्र झाल्यावर तेच त्याला चटई कशी अंथरायची, उशाशी गुंडाळी कशी करायची ते दाखवतात. एवढे लिहिणाऱ्या लेखकाने मेलेल्याला नाव का दिले नाही, याचा वाद अजून मिटलेला नाही.

त्या वादाला सर्वांत चांगले उत्तर अल्जीरियातूनच आले. देश १९६२ साली स्वतंत्र झाला. त्यानंतर अर्धशतकाने, २०१३ साली, कामेल दाऊद या अल्जीरियन लेखकाने त्या मृताच्या भावाच्या तोंडून एक कादंबरी लिहिली. ओराँ शहरातल्या एका दारूच्या गुत्त्यात बसून म्हातारा हारून आपल्या भावाची कहाणी सांगतो. भावाला नाव आहे, मूसा. त्याला आई आहे, आणि ती मुलाच्या शोकात जन्मभर जळत राहते. २०१५ साली या पुस्तकाला फ्रान्समध्ये पहिल्या कादंबरीसाठीचे गाँकूर पारितोषिक मिळाले. जे न्यायालयाने विचारले नाही आणि बहुतेक वाचकांनीही विचारले नाही, ते एका कादंबरीकाराने सत्तर वर्षांनी विचारले.

अक्षरशत्रू आईचा मुलगा

आईसाठी न रडणारा नायक रंगवणारा हा लेखक स्वतः कसा होता, असे कुतूहल वाचकांना वाटणारच. काम्यूचा जन्म १९१३ साली अल्जीरियात झाला. तो वर्षाचाही नव्हता तेव्हा वडील पहिल्या महायुद्धात मार्नच्या लढाईतल्या जखमांनी गेले. आई कातरीन अल्जिअर्सच्या बेलकूर या गरीब वस्तीत लोकांच्या घरची धुणीभांडी, झाडलोट करून मुलांना वाढवी. तिला ऐकू कमी येई, बोलणे तर त्याहून कमी, आणि वाचता येत नसे. त्या घरात मायेचे शब्द उच्चारले जात नसत. ती मूक आई संध्याकाळी खिडकीशी बसून रस्ता पाहत राही. गॅलरीत बसून रस्ता न्याहाळणारा मर्सो आठवतो ना? त्याचे ते बसणे कुठून आले, हे आता निराळे सांगायला नको.

१९५७ साली काम्यूला नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा अल्जीरियात स्वातंत्र्याचे युद्ध पेटले होते. स्टॉकहोममध्ये एका अल्जीरियन तरुणाने त्याला जाब विचारला. अल्जिअर्सच्या ट्रॅममध्ये बाँब फुटत आहेत, त्यातल्या एखाद्या ट्रॅममध्ये माझी आई असू शकेल, आणि न्याय तो हाच असेल तर मी आईची बाजू घेईन, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. या उत्तरावरून त्याच्यावर टीकेची झोड उठली. ती सर्वस्वी अन्यायाची होती असेही नाही. पण ‘परका’ लिहिणाऱ्याचे आईशी नाते काय होते, याला यापरता पुरावा नको.

४ जानेवारी १९६० रोजी मोटार अपघातात तो गेला. वय अवघे सेहेचाळीस. मोटारीत सापडलेल्या बॅगेत एका अपुऱ्या कादंबरीचे हस्तलिखित होते. ‘पहिला माणूस’ या अर्थाच्या नावाने ते १९९४ साली छापले गेले. ते त्याने आईला अर्पण केले होते, जिला ते कधीच वाचता येणार नव्हते. आईही त्याच वर्षी वारली.

दिवाळीच्या सुटीत ही लहानशी कादंबरी हाती आली तर जरूर वाचा. घरात पाहुणेरावळे असतील, फराळाची ताटे फिरत असतील, आणि कोपऱ्यात कुणीतरी न बोलता बसलेले असेल. त्याला बोलते करण्याचा हट्ट धरू नका. त्याच्या खिशात काय आहे ते आपल्याला माहीत नसते. पण पुस्तक संपल्यावर स्वतःला एक प्रश्न मात्र जरूर विचारा. मर्सो रडला की नाही, तो नव्हे. त्या दुपारी झऱ्यापाशी पडलेल्या माणसाचे नाव वाचताना एकदा तरी आपल्या मनात आले होते का, हा.